जुनी प्रणाली पुसण्यापूर्वी

विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि जुना लॅपटॉप बाळगणाऱ्या आमच्यासारख्यांपुढे प्रश्न उभा राहिला. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक लागतो. आमच्या यंत्रात तो नाही. विद्यार्थ्यांनी एकमुखाने सल्ला दिला, "डिस्क साफ करा आणि उबुंटू टाका, सर." सल्ला वाईट नव्हता. आम्ही तो अर्धाच ऐकला. आज त्या लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू शेजारी शेजारी नांदत आहेत, आणि ज्यांच्या संग्रही जुने मराठी लेखन आहे अशा अभ्यासकांनी तूर्त असेच करावे, असे आमचे मत आहे.

कारण भावनिक नाही. (थोडे आहे, पण ते असो.) आमच्या एका दिवंगत स्नेह्यांची अप्रकाशित टिपणे त्या डिस्कवर आहेत, १९९७ ते २००४ या काळात टंकलेली. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तीत देवनागरी होती. तरी सामान्य लिहिणाऱ्याच्या हाती ती पोचायला बरीच वर्षे लागली. तोवर मराठीचा संसार डीटीपीच्या फॉन्टांवर चालला. या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. डोळ्यांना मराठी दिसे. यंत्राच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग असे. फॉन्ट गेला की मजकूर गेला.

मग फॉन्ट उचलून उबुंटूवर न्यावा, असे कोणी म्हणेल. साध्या फायलींपुरते ते जमतेही. परंतु त्या काळची बरीचशी लेखी सामग्री पेजमेकरमध्ये आहे, आणि पेजमेकर फक्त विंडोजवर आणि मॅकवर चालत असे. शिवाय काही मराठी सॉफ्टवेअर डोंगल जोडल्यावाचून उघडतच नसत. आणि मजकूर नुसता दिसला तरी तो शोधता येत नाही, त्याची सूची करता येत नाही. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करावेच लागते.

खरी गोम येथे आहे. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जाई, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते, कारण उच्चारात ती नंतर येते. रफाराचे नेमके उलट. म्हणजे जुनी फाईल लिहिणाऱ्या हाताचा क्रम जपते आणि नवी फाईल बोलणाऱ्या जिभेचा. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला हा क्रम प्रत्येक अक्षरागणिक उलटवावा लागतो आणि तो चुकतो. आम्ही वापरलेल्या प्रोग्रामने 'दऱ्या' या शब्दाचा 'दर्या' केला. सह्याद्रीवरच्या टिपणात अचानक समुद्र आला! 'आचाऱ्यांना' दिलेली दक्षिणा 'आचार्यांना' मिळाली. दोन्ही शब्द शुद्ध असल्याने शुद्धलेखन-तपासनीसाला यात काहीच वावगे दिसत नाही. ही चूक पकडायला मूळ पान मूळ फॉन्टात समोर असावे लागते. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना पोथ्यांच्या प्रती ताडून पाहणे ठाऊक आहे. हे काम त्याच जातीचे आहे, आणि ते संगणक विभागाकडे ढकलून चालणार नाही.

कृती अवघड नाही, पण घाई करू नये. प्रथम सर्व फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. बिटलॉकर चालू असल्यास त्याची ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर लिहून ठेवावी. विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' बंद करावे, नाहीतर विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट निजते आणि उबुंटूला तो विभाग लिहिण्यासाठी खुला होत नाही. मग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून विभाग आकसून जागा मोकळी करावी आणि पेनड्राइव्हवरून उबुंटू त्या जागेत बसवावे. उबुंटू बसवताना 'विंडोजच्या शेजारी' आणि 'संपूर्ण डिस्क पुसून' हे पर्याय जवळजवळच असतात. तेवढ्या क्षणी चहा बाजूला ठेवावा. पुढे यंत्र सुरू करताना ग्रबची यादी येते आणि कोठे जायचे ते विचारते.

एक गंमत मात्र लक्षात ठेवावी. विंडोज यंत्रातील घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवते, तर लिनक्स सामान्यतः यूटीसीवर. त्यामुळे उबुंटूतून विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे गेलेले दिसू शकते. एरवी हसून सोडावे अशी ही बाब. पण कोणता खर्डा आधीचा आणि कोणता नंतरचा हे फायलीच्या वेळेवरून ठरवणाऱ्याला ती महागात पडेल. एका आज्ञेने उबुंटूलाही स्थानिक वेळ पाळायला लावता येते. ते आम्ही केले, आणि मूळ फायली 'केवळ वाचनासाठी' म्हणून कुलूपबंदही केल्या.

आधार संपलेल्या विंडोजला आम्ही महाजालाशी जोडत नाही. ते सारे व्यवहार उबुंटूतून होतात. विंडोज आता फक्त वाचनकक्ष आहे. रविवारी सकाळी आम्ही दोघे-तिघे जमतो, एक जण विंडोजच्या पडद्यावरून मोठ्याने वाचतो आणि दुसरा छापील युनिकोड प्रतीवर पेन्सिल चालवतो. तीन वह्या झाल्या आहेत, अकरा बाकी आहेत.