*गाडीचा फॅन 'डायरेक्ट' करून घेऊ नका*



आज फवारणी, खत, बाजारभाव यातलं काही नाही. आज आपला माल ज्या गाडीतून बाजाराला जातो, त्या जुन्या गाडीबद्दल बोलायचं आहे. मेसेज थोडा मोठा आहे, पण सीझन सुरू व्हायच्या आत वाचा.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी नारायणगावला टोमॅटो घेऊन निघालो. माझा छोटा टेम्पो, माल ३५ क्रेट. रस्त्याने गाडी मस्त आली. बाजाराजवळ रांगेत उभा राहिलो आणि पंधरा मिनिटांत टेम्प्रेचरचा काटा लाल पट्ट्यात. डॅशबोर्डखालचं फॅनचं बटण चालूच होतं, पण बोनेट उघडून पाहिलं तर फॅन म्हाताऱ्यासारखा फिरत होता, आणि वायर जळाल्याचा वास. पुढचं तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्याच्या गाडीत क्रेट भरले, लिलाव चुकला, संध्याकाळच्या भावात माल दिला. वर हेड गॅस्केटचं काम, अठरा हजार.

चूक कुणाची? दोन वर्षांपूर्वी फॅन आपोआप सुरू होईना, तेव्हा मीच मेकॅनिकला म्हणालो होतो, "डायरेक्ट करून द्या, माल भरायचाय." त्याने एक बारीक वायर ओढली, एक बटण लावलं, दोनशे रुपये घेतले. मागितलं ते त्याने दिलं. मागितलं मी चुकीचं.

*माझं मत स्पष्ट आहे: फॅन डायरेक्ट करणं ही दुरुस्ती नाही, पुढच्या सीझनवर काढलेली उधारी आहे.*

विहिरीवरची ५ एचपीची मोटर आपण घरातल्या दिव्याच्या बटणावर लावतो का? नाही, स्टार्टर लावतो. बटण फक्त इशारा देतं, खरा करंट स्टार्टरमधून जातो. विहीर लांब असेल तर केबल जाड घेतो, कारण बारीक केबलवर मोटर नुसती गुणगुणते आणि तापते. हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मग तीच अक्कल गाडीत का वापरत नाही? *रिले म्हणजे गाडीतला स्टार्टरच.* फॅन ही मोटर, बॅटरी ही डीपी. फरक एवढाच की इथे व्होल्टेज फक्त १२ आहे, त्यामुळे १-२ व्होल्ट वाटेत गेले तरी मोठा फटका बसतो.

माझ्या गाडीचा हिशोब सांगतो. नंतर मल्टिमीटर लावला. फॅन चालू असताना बॅटरीवर १३.६ व्होल्ट, फॅनच्या प्लगवर १०.९. म्हणजे २.७ व्होल्ट वायरमध्ये आणि बटणात जात होते. फॅन साधारण १० अँपिअर घेतो. म्हणजे २५ वॅटच्या वर उष्णता, एका सोल्डरिंग आयर्नएवढी, डॅशबोर्डखाली, आणि वाटेत कुठेही फ्यूज नाही. गाडी पेटली नाही हे नशीब.

काही जण म्हणतील, "आमची गाडी तीन वर्षं डायरेक्टवर चालतेय, काही झालं नाही." बरोबर आहे. कारण गाडी पळत असते तेव्हा रेडिएटरला समोरचा वारा मिळतो, फॅनची फारशी गरजच नसते. फॅनची खरी परीक्षा रांगेत, ट्रॅफिकमध्ये आणि भरलेल्या गाडीने चढ चढताना होते. म्हणजे नेमका माल गाडीत असतानाच.

दुसरं, बटणावरचा फॅन चालू करायला माणूस विसरतो. पोराने, ड्रायव्हरने गाडी नेली तर त्याला बटण माहीतच नसतं. आणि चावीवर कायम चालू ठेवला तर इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, डिझेल जास्त जातं, फॅनच्या मोटरचे ब्रश लवकर झिजतात.

*घरच्या घरी तपासा*

१. इंजिन थंड असताना बोनेट उघडा. रेडिएटरचा फॅन इंजिनच्या बेल्टवर फिरत असेल, जसा ट्रॅक्टरला असतो, तर हा मेसेज तुमच्या गाडीसाठी नाही. फॅनला वायर आणि प्लग असेल तर पुढे वाचा.

२. गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवा. काट्यावर लक्ष असू द्या. काटा लाल पट्ट्याच्या बराच आधी फॅन आपोआप सुरू झाला पाहिजे आणि थोड्या वेळाने आपोआप थांबला पाहिजे. काटा वर जातोय आणि फॅन गप्प आहे, तर लगेच इंजिन बंद करा.

३. फॅन चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांवर आणि फॅनच्या प्लगवर व्होल्ट मोजा. वायर आणि हात पात्यापासून लांब ठेवा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक. एक व्होल्टच्या वर असेल तर वायरिंग बदला.

४. प्लग तपकिरी पडला असेल, वायर कडक झाली असेल, तर मोजायचीही गरज नाही. बदला.

*मेकॅनिकला काय सांगायचं*

▪️ बॅटरीच्या प्लसपासून फ्यूज, तिथून रिले, तिथून फॅन. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. लांब लावला तर मधली वायर उघडीच राहते.

▪️ रिले चालू-बंद करायचं काम रेडिएटरवरच्या थर्मो स्विचने करावं. तो खराब असेल तर नवा घ्या. डायरेक्ट करायची वेळ बहुतेकदा त्याच्यामुळेच येते.

▪️ १० अँपिअरच्या फॅनला अडीच एमएमची तांब्याची वायर, २० अँपिअरचा फ्यूज, ३० किंवा ४० अँपिअरचा रिले. फॅन मोठा असेल तर वायर जाड. दोन फॅन असतील तर दोन रिले, दोन फ्यूज.

▪️ अर्थची वायरही तेवढीच जाड, रंग खरवडून स्वच्छ पत्र्यावर घट्ट बोल्टने. निम्म्या गाड्यांत प्लस नवा टाकतात आणि अर्थ जुनाच ठेवतात. मग फरक पडत नाही.

▪️ पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड नको. थिंबल दाबून लावा. वायरवर पाइप चढवा, सायलेन्सरपासून लांब ठेवा.

▪️ काम सुरू करण्याआधी बॅटरीचा मायनस काढायचा. गरम रेडिएटरचं झाकण कुणीही उघडायचं नाही.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकू नका. डीपीवर फ्यूजच्या जागी जाड तार बांधण्यासारखंच ते आहे. फ्यूज फॅनसाठी नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो. वारंवार उडतोय म्हणजे फॅनची मोटर जाम होतेय किंवा वायर कुठेतरी घासतेय. ते शोधा.

नव्या गाड्यांत फॅन कॉम्प्युटर चालवतो. तिथे वायर तोडू नका, जाणकार माणसाकडेच जा.

मला हे सगळं काम मजुरीसकट चौदाशे रुपयांत पडलं. आता बॅटरीवर १३.४ आणि फॅनवर १३.१ व्होल्ट मिळतात. या सीझनला त्याच रांगेत तासभर उभा होतो, काटा मध्यावरून हलला नाही.

शेवटी एक सूचना, माझी वैयक्तिक. बियाणं, औषधं आपण एकत्र घेतो. मग सीझनच्या आधी एक दिवस संकलन केंद्रावर एखादा चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन बोलावून सगळ्यांच्या गाड्या का तपासून घेऊ नयेत? संचालक मंडळात हा विषय मी मांडणार आहे. तुमची तयारी असेल तर या मेसेजला *फॅन* एवढंच लिहून उत्तर पाठवा. किती गाड्या आहेत ते कळेल.

माल पिकवायला चार महिने लागतात. तो दोनशे रुपयांच्या वायरीवर सोडू नका.

– आपला एक सभासद-संचालक