दोन किलोच्या फरकानं अख्ख्या मंडळाचा विमा जाऊ शकतो! पीक कापणी प्रयोगाचं गणित समजून घ्या

"माझं सोयाबीन पार सडलं, तरी विमा शून्य. अन् शेजारच्या मंडळात पीक बरं होतं, तिथं पैसे जमा झाले. हे कसं काय?"

सुगी संपली की हा प्रश्न प्रत्येक गावच्या पारावर निघतो. कुणी कंपनीला शिव्या देतं, कुणी सरकारला, कुणी कृषी सहायकाला. पण विम्याचा आकडा नेमका कुठं ठरतो, हे फार थोड्या जणांना माहीत असतं. तो मंत्रालयात ठरत नाही आणि कंपनीच्या ऑफिसातही ठरत नाही. तो ठरतो आपल्याच शिवारात, दहा मीटर बाय पाच मीटरच्या एका तुकड्यात, तागडीवर.

आता हा विषय जास्तच महत्त्वाचा झालाय. २०२३ च्या खरिपात राज्यानं एक रुपयात पीक विमा आणला होता. २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला. आता शेतकऱ्याला खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत हप्ता भरावा लागतो. पण हप्त्यापेक्षा मोठा बदल दुसराच आहे. आधी ढगफुटी झाली, शेतात पाणी साचलं, काढून ठेवलेलं पीक भिजलं, तर ७२ तासांत तक्रार करून वैयक्तिक पंचनाम्यावर भरपाई मिळायची. पेरणीच झाली नाही किंवा हंगामाच्या मध्ये मोठा खंड पडला, तरी सोय होती. राज्यानं या चारही सोयी काढल्या. राहिली ती मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरणारी भरपाई.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय पाऊस झाला, ते सगळ्यांनी पाहिलं. नद्या शेतात शिरल्या, माती खरडून गेली. त्या हंगामात विम्याच्या निकालात पीक कापणी प्रयोगांचा मोठा वाटा होता. म्हणून हे गणित शेतकऱ्यानं स्वतः शिकून घ्यायला पाहिजे.

आधी उंबरठा उत्पादन

विमा तुमच्या एकट्याच्या शेताचा नसतो. तो महसूल मंडळाचा असतो. मंडळाचं सरासरी उत्पादन ठरलेल्या रेषेच्या खाली गेलं, तरच पैसे मिळतात. त्या रेषेला उंबरठा उत्पादन म्हणतात.

ते काढायची रीत अशी. मागच्या सात वर्षांतलं मंडळाचं उत्पादन घ्यायचं. त्यातली चांगली पाच वर्षं निवडायची, त्यांची सरासरी काढायची. त्या सरासरीला जोखीमस्तरानं गुणायचं. आपल्याकडं जोखीमस्तर ७० टक्के आहे.

समजा एका मंडळात सोयाबीनचं हेक्टरी उत्पादन सात वर्षांत असं होतं: १४००, ११००, ६००, १५००, १३००, ९०० आणि १२०० किलो. यातली ६०० आणि ९०० ची वर्षं सोडली, तर उरलेल्या पाचांची सरासरी येते १३०० किलो. त्याचे ७० टक्के म्हणजे ९१० किलो. हा झाला उंबरठा.

यंदा मंडळाची सरासरी १००० किलो आली तर? नेहमीच्या १३०० मधले ३०० किलो गेले, म्हणजे जवळपास पाव पीक गेलं. पण १००० हे ९१० च्या वर आहे, म्हणून विमा शून्य.

सरासरी ७०० आली, तर तूट २१० किलो. २१० ला ९१० नं भागलं की साधारण २३ टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० धरली, तर भरपाई सुमारे ११,५०० रुपये. सरासरी ८८० आली, तर तूट फक्त ३० किलोची. भरपाई साधारण १,६५० रुपये.

आकडे समजण्यासाठी घेतलेत, पण रीत हीच आहे.

दोन किलो म्हणजे किती?

ही सरासरी येते कुठून? मंडळातल्या प्रत्येक शेताचं माप कुणी काढू शकत नाही. म्हणून नमुना घेतात. भाताचं एक शीत चाचपून पातेल्याचा अंदाज घ्यावा, तसं. योजनेच्या नियमाप्रमाणे मंडळ हा घटक असेल, तर एका पिकासाठी कमीत कमी दहा प्रयोग करायचे असतात. आधी गावं निवडतात, मग गट नंबर, मग शेतातली जागा. आपल्याकडं बऱ्याच पिकांसाठी तुकडा १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद आखतात.

हा तुकडा ५० चौरस मीटरचा. हेक्टर १०,००० चौरस मीटरचं. म्हणजे तुकड्यात जे वजन निघेल, त्याला २०० नं गुणायचं. तागडीवरचा एक किलो कागदावर दोन क्विंटल होतो.

आता वरचंच उदाहरण घ्या. दहा प्रयोगांची खरी सरासरी ८८० किलो आहे आणि विमा लागू होतोय. पण त्यातल्या एका तुकड्यात वजन दोन किलो जास्त नोंदलं गेलं. माल ओला होता म्हणून, काडीकचरा राहिला म्हणून, किंवा काटाच चुकीचा होता म्हणून. दोन किलो गुणिले २०० म्हणजे त्या तुकड्याचं उत्पादन हेक्टरी ४०० किलोनं वाढलं. दहा प्रयोगांत वाटलं, तर मंडळाची सरासरी ४० किलोनं वाढली. ८८० चे झाले ९२०. उंबरठा ९१०. मंडळातल्या सगळ्या गावांचा विमा शून्य!

याला फसवणूकच लागते असं नाही. नुसता हलगर्जीपणा पुरतो. दोरी लांबीला अर्धा मीटर आणि रुंदीला अर्धा मीटर सैल धरली, तर तुकडा ५० च्या ऐवजी पावणेअठ्ठावन्न चौरस मीटरचा होतो. उत्पादन आपोआप पंधरा टक्के जास्त दिसतं.

ओलाव्याचंही तसंच. २० टक्के ओलाव्याचं दहा किलो धान्य वाळून १२ टक्क्यांवर आलं, की ९ किलो १०० ग्रॅमच्या आसपास भरतं. ओलं वजन तसंच धरलं, तर पीक कागदावर फुगतं.

हे शास्त्र आपल्याच मातीतलं

पूर्वी पिकाचा अंदाज नजरेनं घ्यायचे. सोळा आण्यांत किती आणे पीक आलं, ती आणेवारी. पुढं तिची पैसेवारी झाली. पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की टंचाईचा विचार होतो, हे आपल्याला माहीत आहे. (पैसेवारी कमी आली म्हणून पीक विमा मिळतो, असं मात्र नाही. दोन्हींचा हिशेब वेगळा.)

नजरअंदाजाच्या जागी मोजमाप आणण्याचं काम १९४० च्या दशकात झालं. त्यात मोठं नाव सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं. त्यांच्यासोबत डॉ. विनायक गोविंद पानसे. या दोघांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत पीक कापणीची पद्धत बसवली. तिकडं कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालच्या तागाचे आणि भाताचे अंदाज नमुन्यावरून काढत होते.

दोन्हीकडं वाद होता तो तुकड्याच्या आकाराचा. महालनोबिस यांच्या पद्धतीत तुकडे लहान होते. ते लवकर उरकतात आणि जास्त ठिकाणी घेता येतात. सुखात्मे यांनी दाखवलं, की तुकडा लहान असला की उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. कारण साधं आहे. दोरीवर आलेलं झाड आत धरायचं की बाहेर? माणूस ते आत ओढतो. एक मीटर बाय एक मीटरच्या तुकड्यात एका चौरस मीटरमागं चार मीटर कड येते. दहा बाय पाचच्या तुकड्यात फक्त ०.६ मीटर. कड जितकी जास्त, तितकी चूक जास्त.

आणि ही चूक एकाच दिशेची असते. शंभर प्रयोग केले तरी ती एकमेकांत फिटत नाही. संख्या वाढवून नशिबाचा फरक कमी होतो, पण वाकडी पद्धत सरळ होत नाही.

निवड वाकडी, तर निकाल वाकडा

गेल्या हंगामात एका शिवारात प्रयोग बघायला उभा होतो. निवडलेला गट नंबर ओढ्याच्या पलीकडं, गुडघाभर चिखलात. तिथं जायचं कसं, म्हणून सगळे अलीकडच्या, रस्त्याकडच्या शेतात थांबले. तिथली जमीन उंचावरची, पाणी निचरलेलं, पीक उभं. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण पाण्यात गेलेली शेतं हिशेबातूनच निसटली.

गट नंबर यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखा निघतो, त्याचं कारणच हे आहे. चांगलं-वाईट माणसानं निवडायचं नाही. पीक गेलंय म्हणून शेत बदललं, तर अतिवृष्टीच्या वर्षी सरासरी नेमकी नको तेव्हा वर जाते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही ठिकाणी गावकरीच आग्रह धरतात, "साहेब, वजन जरा कमीच लिहा." त्यानं एखाद्या वर्षी पैसे मिळतीलही. पण हाच आकडा पुढच्या सात वर्षांच्या हिशेबात बसतो. दरवर्षी कमी लिहीत गेलं, की उंबरठा खाली येतो. मग खरा दुष्काळ पडला, तरी सरासरी त्या खालच्या रेषेच्या वरच राहते. आज चोरलेलं वजन उद्या आपल्याच पोरांच्या विम्यातून कापलं जातं.

सगळं नीट केलं तरी?

तरी प्रश्न राहतो. एका मंडळात काळी जमीन असते, मुरमाड असते, ओलिताची असते. समजा मंडळातली शेतं सरासरीपेक्षा साधारण ४०० किलो खाली-वर असतात. तर दहा तुकड्यांवरून काढलेली सरासरी खऱ्या आकड्यापासून सहज सव्वाशे किलो इकडंतिकडं होऊ शकते. नुसत्या नशिबानं, कुणी चूक न करता. आणि आपलं भांडण चाललंय ३० किलोवर!

हा फरक निम्मा करायचा, तर तुकडे दुप्पट करून भागत नाही, चौपट करावे लागतात. दहाचे चाळीस. राज्यात महसूल मंडळं दोन हजारांच्या वर आहेत. एका पिकाला दहा प्रयोग म्हटले, तरी वीस हजार होतात, तेही काढणीच्या दोन-तीन आठवड्यांत. माणसं तेवढीच.

"मंडळ नको, गाव घटक करा" ही मागणी रास्त आहे. गावातली शेतं एकमेकांसारखी असतात, आपलं नुकसान आपल्या आकड्यात दिसतं. पण गावाला चारच प्रयोग असतील, तर एका तुकड्यातली दोन किलोची चूक सरासरी ४० नाही, १०० किलोनं हलवते. म्हणून गाव घटक मागताना मोजमाप पक्कं करण्याची मागणीही जोडीला पाहिजे.

उपग्रह येईल, पण पाय जमिनीवरच

२०२३ पासून केंद्रानं 'यस-टेक' पद्धत आणली. उपग्रहाची चित्रं, पाऊस, तापमान यांवरून संगणक उत्पादनाचा अंदाज काढतो. भात आणि गहू या पिकांत त्या अंदाजाला कमीत कमी ३० टक्के वजन द्यायचं ठरलं. उपग्रहाला चिखल अडवत नाही, कुणाची ओळख नसते, हा मोठा फायदा.

पण पावसाळ्यात ढग आडवे येतात. सोयाबीनमध्ये तुरीचं पाटं असेल, तर कुठलं हिरवं कशाचं, हे वरून ओळखणं अवघड. आणि मुख्य गोष्ट, संगणकाला शिकवायला जमिनीवरचे कापणी प्रयोगच लागतात. हिरवेपणा एवढा असताना वजन किती आलं, हे त्याला आधी दाखवावं लागतं. आपण चुकीची वजनं दाखवली, तर तो चुकीचंच शिकेल, आणि ती चूक सगळ्या तालुक्याला लावेल.

मग आपण काय करायचं?

पहिलं, ई-पीक पाहणी वेळेत करा. पीक नोंदलेलंच नसेल, तर पुढचं सगळं अडतं.

दुसरं, आपल्या गावात कुठल्या पिकाचे प्रयोग आहेत, कुठल्या गट नंबरात, ते हंगामाच्या आधीच विचारून घ्या. ग्रामसभेत विषय काढा. शेत बदललं तर कारण लेखी मागा.

तिसरं, प्रयोगाच्या दिवशी हजर राहा. सरपंच, पोलीस पाटील, कंपनीचा माणूस असतोच, पण चार शेतकरीही असू द्या. टेप धरा. दहा बाय पाचचा चौकोन बरोबर असेल, तर दोन्ही कर्ण ११ मीटर १८ सेंटिमीटर भरतात. नाही भरले, तर चौकोन वाकडा आहे.

चौथं, काटा शून्यावर आहे का बघा. माल ओला असेल तर तशी नोंद करायला लावा. वजनाचा आणि काट्याचा फोटो मोबाईलवर घ्या. आकडा वाचल्याशिवाय सही करू नका, आणि कोऱ्या कागदावर तर नाहीच नाही.

सरकारकडंही एक मागणी करायला पाहिजे. मंडळातल्या दहाही प्रयोगांचे आकडे, गट नंबर आणि वजनासकट, चावडीवर लावा. आज शेतकऱ्याला फक्त शेवटचा निकाल कळतो. दहा आकडे समोर आले, तर कुठला खटकतो, हे गावातला माणूस एका नजरेत सांगेल. कुठल्या रानात काय पिकलं, हे गावाला ठाऊक असतं.

प्रत्येकाचं नुकसान पैशात भरून निघेल, अशी ही पद्धत नाही. सरासरीत कुणाचं तरी दुःख दबणारच. पण सरासरी तरी खरी असावी, एवढी मागणी करायचा हक्क हप्ता भरणाऱ्याला आहे. पुढच्या वेळी शिवारात दोरी आणि खुंट्या घेऊन माणसं दिसली, तर हातातलं काम तासभर बाजूला ठेवा आणि तिथं जाऊन उभे राहा.