पाठ लागल्यावरचा डाव

गेल्या महिन्यात माझी भाची पुण्याहून आठ दिवस उमापूरला राहायला आली आणि आमच्या घरातल्या दोन कापसाच्या गाद्या ओसरीत जाऊन पडल्या. ती इंजिनिअरिंगला आहे आणि दोन वर्षांपासून ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकते. नाव ऐकून अब्बांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ते एखादं औषध वाटलं.

अब्बा तरुणपणी तालमीत जात. आपल्या जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते. असा माणूस खुर्ची टाकून बसला आणि बघतो तर काय, भाची आपण होऊनच पाठीवर पडली, आठवीतल्या माझ्या लेकीला समोर गुडघ्यांवर बसवलं आणि दोन्ही पायांनी तिची कंबर वेढली. अब्बा म्हणाले, "ही तर आधीच चीत झाली. आता काय खेळणार?"

भाची हसली. "नाना, तुमचा खेळ संपतो तिथं आमचा सुरू होतो."

खालच्याने वरच्याला असं पायांत धरून ठेवण्याला गार्ड म्हणतात, आणि तिथून खालचा वर आणि वरचा खाली अशी जी पलटी होते तिला स्वीप. स्पर्धेत त्याचे दोन गुण मिळतात. ही विद्या मुळात जपानची. जिगोरो कानो नावाच्या शिक्षकाने १८८२ साली जुडोची शाळा काढली. त्या शाळेतला मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला पोहोचला, आणि त्याच्याकडून शिकलेल्या ग्रेसी घराण्याने जमिनीवरच्या झुंजीचा भाग वाढवत नेला. १९९३ साली अमेरिकेत डेन्व्हरला याच घराण्यातल्या रॉयसने आपल्याहून वजनदार गडी एकाच रात्री एकामागून एक हरवले, तेव्हा जगाचं लक्ष तिकडे गेलं.

मला इतिहासात फार रस नव्हता. मला रस होता तो लेकीच्या एका वाक्यात. दिवाळीच्या सुट्टीआधी एसटीतून उतरताना कोणीतरी तिचं दप्तर ओढलं आणि ती रस्त्यावर उताणी पडली. दोन पोरं हसत निघून गेली. लागलं काही नाही. पण रात्री ती म्हणाली, "अम्मी, पडल्यावर काय करायचं ते मला कळलंच नाही. मी नुसती पडून राहिले." वीस वर्षं मी मुलांना उर्दू आणि मराठी शिकवते आहे. या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर भाचीने तिला पहिली पलटी शिकवली ती कात्रीची. वरच्याचा उजवा हात आपल्या डाव्या हाताने बाहीला धरायचा, उजव्या हाताने गळ्याजवळचा कपडा. मग पायांचा वेढा सोडून डाव्या कुशीवर वळायचं. उजव्या पायाची नडगी वरच्याच्या पोटावर आडवी, डावा पाय जमिनीलगत त्याच्या उजव्या गुडघ्याच्या बाहेर. आता दोन्ही पाय कात्रीसारखे उलट दिशांनी चालवायचे. वरचा कोसळतो, आपण त्याच्यावर बसतो. बघायला इतकं सोपं की मीच म्हटलं, हे तर माझ्याही हातचं आहे.

लेकीचं वजन अडतीस किलो, भाचीचं बासष्ट. पहिल्या दिवशी भाची तसूभरही हलली नाही. लेक पाय झाडायची, धापा टाकायची, रडकुंडीला यायची. "माझ्यात ताकदच नाही, बाजी."

"ताकदीचा प्रश्नच नाही. तू मला उचलायला बघतेस. मी टाचांवर आरामात बसलेय, मी कशी पडेन?"

खरी मेख इथेच होती. समोरचा टाचांवर मागे रेलून बसला असेल, तर कात्री कितीही चालवा, तो जागचा हलत नाही. आधी दोन्ही हातांनी त्याला आपल्याकडे ओढायचं, इतकं की त्याचं बूड टाचांवरून उठलं पाहिजे आणि भार आपल्या नडगीवर आला पाहिजे. ज्याचं ओझं आपल्याला नको वाटतं, त्यालाच आधी अंगावर घ्यायचं. कात्री त्यानंतर. शिवाय पाठ सपाट टेकवून हे होत नाही, कुशीवर वळावंच लागतं, नाहीतर कंबर अडकून पडते.

हे जमल्यावरही दोन दिवस पलटी अर्धवट राहत होती. भाची कलायची आणि उजवा हात जमिनीला टेकून सावरायची. कारण लेक ऐन वेळी बाही सोडत होती. माणूस पडताना ज्या हाताचा आधार घेतो, नेमका तोच हात आधी बांधून ठेवायचा असतो. त्याच बाजूचा गुडघा आपल्या खालच्या पायाने अडवलेला असतो. टेबलाच्या एका बाजूचे दोन्ही पाय काढले तर ते त्याच बाजूला पडणार, तसं. गुडघ्यावर लाथ मात्र मारायची नाही. पाय जमिनीलगत सरकवायचा, नाहीतर समोरच्याचा गुडघा दुखावतो. आणि दोन टपल्या मारल्या की लगेच थांबायचं, हा नियम भाचीने पहिल्याच मिनिटाला सांगितला होता.

इथपर्यंत अब्बा गप्प होते. चौथ्या दिवशी म्हणाले, "अरे, ही तर धोबीपछाड झाली." उभ्याने हात धरून गड्याला आपल्या पाठीवर घ्यायचं, मग पुढे आपटायचं. पाठीवर न घेता आपटायला गेलं तर गडी हलत नाही. "आमचे वस्ताद हेच सांगायचे, आधी त्याला मुळातून उपट. तुम्ही ते झोपून करता, एवढाच फरक." मग त्यांनी विचारलं, "पण तो शहाणा असेल आणि पुढे आलाच नाही तर?"

भाची खूश झाली. म्हणाली, मग उठून बसायचं. तो मागे जातोय ना, त्याच्या जाण्यालाच आपली कंबर लावायची. एक हात त्याच्या खांद्यावरून पलीकडे नेऊन दंड कवटाळायचा आणि कमरेने धडक देऊन त्याच बाजूला उलथवायचा. त्याला चुकवायला तो पुन्हा पुढे झुकला, की कात्री तयारच.

सहाव्या दिवशी संध्याकाळी भाची खरोखर पालथी झाली, तिने मुद्दाम पडू दिलं नव्हतं. लेक तिच्यावर बसून माझ्याकडे बघत होती, केस विस्कटलेले, तोंडात शब्द नाही.

भाची आता परत गेली. जाताना बजावून गेली की खरं शिकायचं तर शिक्षकासमोरच, एकटीने पुस्तकातून नाही. आमच्याकडे तसा वर्ग नाही, म्हणून सुट्टीत पुण्याला पाठवायचं ठरतंय. अंगभर कपडे असतात, पूर्ण बाह्यांचा जाड सुती अंगरखा आणि घोट्यापर्यंत विजार, त्यामुळे अम्मीजानची, म्हणजे सासूबाईंची, पहिली हरकत आपोआप मिटली. दुसरी हरकत खर्चाची, ती माझी आहे.

तोवर असरनंतर ओसरीत गाद्या पडतात आणि वरची म्हणून मी बसते. एकाहत्तर किलो. दहात दोनदा ती मला पाडते. परवा चष्मा काढायचा विसरले होते, एक काडी वाकली.