इनामगाव ते नायकुंड

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी वसलेले इनामगाव शिरूर-दौंडकरांना परके नाही. परंतु तेथील मातीत काय दडले होते, हे किती घरांत ठाऊक आहे? डेक्कन कॉलेजच्या १९६८ ते १९८३ दरम्यानच्या उत्खननात तेथे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील वस्ती उजेडात आली. कुंभाराची भट्टी, बंधारा, कालवा. हत्यारे दगडाची आणि तांब्याची. ही वस्ती ओस पडली त्याच सुमारास विदर्भात, नागपूरजवळच्या नायकुंडला, खनिजातून लोखंड गाळणारी भट्टी धगधगत होती. १९७८ ते १९८०च्या उत्खननात ती सापडली. तरीही लोखंड गाळणे इंग्रजांनी शिकवले असे मानणारे सुशिक्षित आजही भेटतात! गडकोटांच्या सहली काढणाऱ्या शाळांनी एकदा इनामगावच्या पांढरीवर मुलांना न्यावे. परतताना डेक्कन कॉलेजचे संग्रहालयही दाखवावे.