सुट्टीचा दिवस की कर्तव्याचा दिवस?

निवडणुका जवळ आल्या की सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत राजकीय चर्चेला ऊत येतो. भ्रष्टाचार, घराणेशाही, खड्डे, पाणी - कोणताही विषय सुटत नाही. सगळे राजकारणी चोर आहेत, या निष्कर्षावर एकमत होते आणि चहाचे कप रिकामे होतात. प्रत्यक्ष मतदानाच्या दिवशी मात्र या चर्चाशूरांपैकी किती जण रांगेत उभे असतात?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीचेच उदाहरण घ्या. पुण्यात १३ मे रोजी मतदान झाले, तर मुंबईत २० मे रोजी. दोन्ही दिवस सोमवार, म्हणजे शनिवार-रविवारला जोडून आलेली आयती सुट्टी! पुण्यात सुमारे ५३ टक्के मतदान झाले, दक्षिण मुंबईत जेमतेम ५० टक्के. त्याच निवडणुकीत गडचिरोली-चिमूर मतदारसंघाने सुमारे ७२ टक्के मतदान केले. तेथील काही भागांत सुरक्षेच्या कारणास्तव दुपारी ३ वाजताच मतदान थांबवावे लागते. रानवाटा तुडवत, नक्षलवाद्यांच्या दहशतीच्या छायेत वाढलेला वनवासी बांधव केंद्रावर पोहोचतो आणि पाच मिनिटांच्या अंतरावर राहणारा उच्चविद्याविभूषित नागरिक उन्हाचे कारण सांगतो. लोकशाहीचे संस्कार कोणी कोणाला द्यायचे?

ज्यांनी ही लोकशाही उभी केली, त्यांना हा धोका दिसत होता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले होते की, स्वातंत्र्य मिळाल्यामुळे प्रत्येक गोष्टीचा दोष इंग्रजांच्या माथी मारण्याची सोय संपली आहे. यापुढे काही बिघडले तर स्वतःखेरीज कोणालाही दोष देता येणार नाही. राजकारणातील व्यक्तिपूजा हा अधःपाताचा मार्ग असल्याचा इशाराही त्यांनी त्याच भाषणात दिला. दुसऱ्याच दिवशी डॉ. राजेंद्रप्रसादांनी सांगितले की, संविधान यंत्राप्रमाणे निर्जीव असते. ते चालविणाऱ्या माणसांमुळेच त्यात प्राण येतो. ही माणसे निवडायची कोणी? अर्थातच मतदाराने!

पं. दीनदयाळ उपाध्याय याच मुद्द्यावर आणखी एक पाऊल पुढे गेले. तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर, १९६१ साली त्यांनी लिहिले की, चांगल्या पक्षाचा आहे एवढ्यावरून वाईट उमेदवाराला मत मागण्याचा अधिकार पोहोचत नाही. पक्षश्रेष्ठींकडून चूक झाली असेल, तर ती दुरुस्त करण्याची जबाबदारी मतदाराची आहे. हे लिहिणारा पुरुष एका राजकीय पक्षाचा सरचिटणीस होता, हे ध्यानात घ्यावे. १९६३ च्या जौनपूर पोटनिवडणुकीत ते स्वतः उमेदवार होते. जातीच्या नावाने आवाहन करण्याचा आग्रह झाला, तेव्हा त्यांनी तो ठामपणे नाकारला. पराभव झाला, पण तत्त्व ढळले नाही. आज त्यांच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या प्रत्येकाने, अगदी आपणही, स्वतःला विचारावे: उमेदवाराचे नाव जाहीर झाले की आपण आधी त्याचे कार्य पाहतो की आडनाव?

'माझ्या एका मताने काय होणार?' हा तर ठरलेला युक्तिवाद! १७ एप्रिल १९९९ रोजी अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार लोकसभेत २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले. ते मत खासदाराचे होते, असे कोणी म्हणेल. मग २००८ ची राजस्थान विधानसभा निवडणूक आठवावी. नाथद्वारा मतदारसंघात काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष सी. पी. जोशी अवघ्या एका मताने पराभूत झाले. त्या दिवशी घरी बसलेल्या प्रत्येक मतदाराने तो निकाल लावला, असेच म्हणावे लागेल.

'एकही उमेदवार लायक नाही' हीदेखील पळवाटच. २०१३ पासून मतदानयंत्रावर 'नोटा'चा पर्याय आहे. नापसंतीसुद्धा केंद्रावर जाऊन नोंदविता येते. मतदारयादीत नाव नसल्याचा संताप मतदानाच्या सकाळी व्यक्त करून काय उपयोग? यादीतील नाव महिनाभर आधी तपासावे. नसेल तर सहा क्रमांकाचा अर्ज भरावा. घरातील मुलगा वा मुलगी १८ वर्षांची झाली की, पहिल्या वाहन परवान्याइतक्याच उत्साहाने पहिले मतदार ओळखपत्रही काढावे.

हिमाचलच्या किन्नौरमधील शिक्षक श्यामसरण नेगी यांनी २५ ऑक्टोबर १९५१ रोजी, देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदान केले. त्यानंतर ते मतदान करीतच राहिले. नोव्हेंबर २०२२ मध्ये, वयाच्या १०६ व्या वर्षी त्यांनी टपाली मतपत्रिकेद्वारे अखेरचे मत दिले आणि अवघ्या काही दिवसांत देह ठेवला. त्यांच्याकडे न जाण्यासाठी कितीतरी कारणे होती. बर्फ होते, वार्धक्य होते. त्यांनी एकही कारण पुढे केले नाही.

राष्ट्रभक्ती केवळ १५ ऑगस्टच्या ध्वजवंदनात नसते. ती मतदान केंद्राच्या रांगेतही उभी असते. पुढच्या निवडणुकीच्या दिवशी आपले सहलीचे सामान बांधण्यापूर्वी बोटावर शाई लागली आहे ना, एवढे पाहावे. ज्याच्या बोटावर शाई नाही, त्याने पुढची पाच वर्षे तेच बोट राज्यकर्त्यांकडे रोखू नये!