गळते छप्पर आणि भाड्याची जबाबदारी



३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकले, तेव्हा अनेक घरांची कौले व पत्रे उडाले. माझ्या चिकित्सालयाचे कौलारू छप्परही त्यातून वाचले नाही. जागा भाड्याची. घरमालकांना तोंडी सांगितले, पुन्हा सांगितले. आश्वासनापलीकडे काही मिळाले नाही. त्या पावसाळ्यात चूर्णांना बुरशी आली, वटी एकमेकींना चिकटल्या आणि बराच साठा टाकून द्यावा लागला. संतापाच्या भरात मी भाडे थांबविण्याचे ठरविले होते. एका वकील स्नेह्यांनी वेळीच अडविले, म्हणून हे लिहीत आहे.

आपल्या व्यवसायात गळके छप्पर ही केवळ गैरसोय नव्हे. चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, असे शार्ङ्गधराचे मत आहे. ओल लागल्यावर तेवढाही अवधी उरत नाही. औषधनिर्मिती करणाऱ्या फार्मसींवर तर परिशिष्ट 'टी'नुसार जागा व साठवण योग्य राखण्याचे बंधन आहे. मालकाची हयगय हे तेथे समर्थन होऊ शकत नाही.

मग भाडे का द्यावे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याने दिलेला मार्ग वेगळा आहे. कलम १४ नुसार जागा सुस्थितीत राखणे हे मालकाचे कर्तव्य आहे. त्याने ते टाळल्यास किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी. त्यानंतरही वाजवी मुदतीत दुरुस्ती न झाल्यास भाडेकरूने ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र एका वर्षात वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. म्हणजे दरमहा ४,००० रुपये भाडे असल्यास वर्षाला १२,००० रुपये. खर्चाचा हिशेब व पावत्या जपून ठेवाव्यात. त्याच पुरावा ठरतात.

याउलट सरसकट भाडे थांबविणारा भाडेकरू स्वतःच थकबाकीदार ठरतो. कलम १५ प्रमाणे मागणीची नोटीस बजावल्यापासून ९० दिवस उलटले की मालकास ताब्यासाठी दावा लावता येतो. पुढे न्यायालयात थकबाकी १५ टक्के व्याजासह भरण्याची वेळ येते. तक्रार खरी असूनही बाजू लंगडी पडते. मालक भाडे स्वीकारत नसल्यास ते मनीऑर्डरने पाठवावे आणि परत आलेली पावती सांभाळावी.

दोन गोष्टींचे भान ठेवावे. हा कायदा त्याच्या अनुसूचींत नमूद क्षेत्रांनाच लागू आहे. आपले गाव त्यात आहे का, हे वकिलांकडून पाहून घ्यावे. तसेच 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर गाळा घेणारा हा भाडेकरू नव्हे. त्याला कलम १४ चा आधार नाही. त्याच्यासाठी करारातील अटच महत्त्वाची.

मालकांची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. जुन्या वाड्यांत दरमहा दोनशे रुपये भाडे देऊन हजारोंच्या दुरुस्तीची अपेक्षा करणे योग्य नाही. तेथे वर्षाचा चौथा हिस्सा होतो अवघा ६०० रुपये. त्यात कौलांची एक ओळही बदलून होणार नाही. अशा ठिकाणी खर्च वाटून घेण्याचा लेखी समझोता हाच व्यवहार्य उपाय होय.

माझे मत स्पष्ट आहे: भाडे नियमित द्यावे, तक्रार लेखी करावी आणि वैशाखातच छप्पर तपासावे. आपल्या संघटनेने नोटिशीचा एक नमुना आणि करारातील दुरुस्तीच्या अटीचा मसुदा वकिलांकडून तयार करून सर्व सभासदांना द्यावा. मी तोंडी बोलण्यात एक पावसाळा घालविला. लेखी नोटीस गेल्यावर मालक स्वतः कारागीर घेऊन आले. व्याधी अंगात मुरण्यापूर्वीच उपचार करावा, हे आपण रुग्णांना रोज सांगतो. जागेच्या बाबतीतही तेच खरे आहे.