माळवदावर माती टाकण्याआधी

रब्बीची मळणी उरकली, ज्वारी-हरभऱ्याचे दाणे घरात आले, हातात चार पैसे खेळू लागले, की गावोगाव घरादाराची कामे निघतात. मृग लागायच्या आत गळती बंद झाली पाहिजे, या घाईत चैत्र-वैशाख सरतात. कोणी माळवदावर नवी माती टाकतो, कोणी जुनी भिंत लिंपून घेतो, तर कोणी हिय्या करून माळवद उतरवतो आणि त्याच भिंतींवर स्लॅब ओततो. शेतकरी बंधूंनो, ही कामे जरूर करा. पण काम कुठून सुरू करायचे आणि पैसा आधी कुठे घालायचा, याचा विचार पहिली पाटी उचलण्याआधी झाला पाहिजे. आपल्याकडे तो सहसा होत नाही, आणि तेवढ्यासाठीच आजचा हा लेखनप्रपंच.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली आणि लातूर व धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंप जगाच्या मानाने फार मोठा नव्हता. माणसे मेली ती दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदावरच्या मातीखाली. त्या वेळच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ साली तो तिसऱ्या पट्ट्यात घेतला गेला. २०२४ च्या मार्च आणि जुलै महिन्यांत हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा नांदेड-परभणीपर्यंत लोक घराबाहेर धावले. म्हणजे ही गोष्ट जुनी झाली म्हणून सोडून देण्यासारखी नाही. आणि भूकंप न झाला तरी झडीच्या पावसात भिजलेली भिंत बसून निजलेली माणसे दगावल्याची बातमी मराठवाड्याला नवीन नाही.

भार किती, ते आधी मोजा

माळवद गळाले की त्यावर पांढरी माती टाकायची, हा आपला वडिलोपार्जित उपाय. दरवर्षी चार पाट्या पडतात, जुनी माती मात्र कोणी काढत नाही. आजोबांच्या वेळी वीतभर असलेला थर नातवाच्या काळात दीड-दोन हात होतो. आता हिशेब करा. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीवर फूटभर जाडीची माती असेल, तर तिचे वजन पाच-सहा टन भरते. दोन फूट असेल तर दहा-बारा टन. पावसात भिजली की आणखी वाढते. एवढे ओझे डोक्यावर घेऊन आपण लेकराबाळांसह निजतो.

म्हणून यंदा माती टाकण्याआधी माती काढा. सगळी नव्हे, वीतभर ठेवा. ती उन्हापासून घर थंड ठेवते, तो गुण घालवायचे कारण नाही. काढताना एका बाजूने सगळी न उपसता सगळीकडून सारखी काढत चला. उरलेला थर आलटून-पालटून बाजूला सारून त्याखाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरा, पन्हाळ्याच्या बाजूला थोडा उतार द्या आणि पन्हाळ भिंतीपासून हातभर बाहेर काढा. गळती मातीच्या जाडीने थांबत नाही, उताराने आणि कागदाने थांबते. माळवदाच्या कठड्यावरचे सुटे दगड उतरवा. वर कडब्याच्या पेंढ्या आणि गोवऱ्या रचायची सवय असेल, तर तीही सोडा.

खांब आहेत म्हणून घर उभे आहे

आपल्या जुन्या खणाच्या घरांत छताचा भार लाकडी खांब आणि तुळया घेतात. भिंत आडोशाला असते. किल्लारी परिसरात कित्येक ठिकाणी भिंती ढासळल्या, पण लाकडी सांगाडा जागेवर उभा राहिला, हे तेव्हा पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी नोंदवले आहे. यातून दोन गोष्टी समजून घ्या.

एक, खांबांची निगा आधी. खांबाचे बूड उथळ्यावर नीट बसले आहे का बघा. लोखंडी सळईने टोचून बघा. सळई आत गेली, तर आतून वाळवीने पोखरले आहे असे समजा. खांब आणि तुळई यांच्या सांध्यात दोन्ही बाजूंनी तिरपे लाकूड किंवा लोखंडी पट्टी ठोकून घ्या, म्हणजे धक्क्यात सांगाडा एका अंगाला झुकत नाही. हे काम गावचा सुतार एक-दोन दिवसांत करतो.

दोन, ज्याला माळवद काढून स्लॅब टाकायचा आहे त्याने नीट ऐकावे. चार इंची स्लॅब फूटभर मातीपेक्षा हलका असतो हे खरे. पण स्लॅब टाकताना आपण खांब काढून टाकतो, आणि जी भिंत आजवर आडोशाला होती तिच्यावर सगळा भार येतो. ती भिंत मातीत रचलेली, दोन बाजूंना दगड आणि पोटात गाळ-चिपा भरलेली. तिने तो भार घ्यावा ही अपेक्षाच चुकीची. जुन्या मातीच्या भिंतीवर स्लॅब टाकूच नका, हे आमचे स्पष्ट सांगणे आहे. स्लॅबच हवा असेल तर पायापासून नवे बांधकाम करा. तेवढे पैसे नसतील तर माळवद हलके करा, नाहीतर लाकडी सांगाड्यावर पत्रा घाला. पत्रा मात्र हुकबोल्ट आणि वायसर लावून पक्का आवळा. वर दगड ठेवून पत्रा टिकत नाही, वादळात पत्रा जातो आणि दगड अंगणात येतात.

भिंतीला पोट सुटले आहे का?

दुरुस्तीचा गवंडी बोलावलात की रंगाचे बोलण्याआधी त्याला ओळंबा लावायला सांगा. भिंतीला पोट सुटले असेल, तर आतला आणि बाहेरचा दगड एकमेकांपासून सुटत चालला आहे असे समजावे. गिलावा करून ते पोट झाकता येते, बसवता येत नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तशातली गत! छताला आधी टेकू द्यावा, फुगलेला तेवढा भाग उतरवावा आणि पुन्हा रचावा. रचताना भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड, ज्यांना गवंडी हेडर म्हणतात, ते दर दोन फूट उंचीला आणि आडवे दर चार फुटांवर आलेच पाहिजेत. लांब दगड मिळत नाही म्हणून गवंडी टाळाटाळ करील. मग त्या जागी सळई घालून केलेला काँक्रीटचा तुकडा चालतो.

भिंत सरळ असेल, पण हेडर नसतील, तर ती पाडायची गरज नाही. ठरलेल्या अंतरावर एकेक दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक करा, दोन्ही टोके वाकवलेली आठ मिलिमीटरची सळई आत घाला आणि भोक काँक्रीटने भरा. पहारीचे घाव घालू नका. एक भोक भरून झाल्याशिवाय दुसरे करू नका. दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर घराला चारी बाजूंनी पट्टा बांधला, म्हणजे वेल्डमेश जाळी ठोकून त्यावर एकास तीन सिमेंटचा गिलावा केला, तर चारही भिंती एकमेकींना धरून राहतात. कोपऱ्यांनाही उभी जाळी द्या. किल्लारीनंतर पुनर्वसन कार्यक्रमात लाखाहून अधिक घरे याच धर्तीवर जागच्या जागी दुरुस्त व मजबूत झाली. नवे दार किंवा खिडकी फोडायची असेल, तर कोपऱ्यापासून दोन फूट तरी सोडा.

तडे, पाणी आणि काळी माती

भिंतीला तडा दिसला की लगेच भरू नका. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा, शेजारी तारीख लिहा. पावसाळा आणि उन्हाळा जाऊ द्या. तडा खुणेपुढे गेला, तर खोट पायात आहे. काळी जमीन पावसात फुगते, उन्हात आकसते आणि घराला वरखाली करते. त्यावर सिमेंट चोपडणे हा उपाय नव्हे. घराभोवती तीन फुटांचा पट्टा मुरूम दाबून आणि वर फरशी किंवा काँक्रीट करून बाहेर उतरता ठेवा. न्हाणीचे आणि जनावरांच्या गोठ्याचे पाणी पायात मुरू देऊ नका, दूर शोषखड्ड्यात न्या. नवी खोली काढणार असाल, तर जुन्या भिंतीवर तिचे ओझे टाकू नका. दोन्हींत दोन बोटांची फट ठेवून तिच्या भिंती स्वतंत्र उभ्या करा. पुनर्वसित गावांतल्या घरांना जोडून ज्यांनी पुढेमागे दगडाच्या खोल्या काढल्या आहेत, त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

काँक्रीटबद्दल दोनच गोष्टी. माल पातळ केला की ओतायला सोपा जातो, पण पाणी जास्त झाले तेवढी ताकद गेली. एका पोत्याला पंचवीस-सत्तावीस लिटरच्या वर पाणी नको. दुसरे, ओतल्यावर निदान दहा दिवस ते ओले राहिले पाहिजे. उन्हाळ्यात टँकरने पाणी विकत घ्यावे लागते म्हणून आपण तीन दिवसांत हात आखडतो, आणि हजारो रुपयांचे सिमेंट वाया घालवतो. पाण्याची सोय नसेल, तर काँक्रीटचे काम पुढे ढकला.

पैसा आधी कुठे?

आधी भार उतरवणे, मग खांब, मग भिंत, मग पाण्याचा निचरा. वायरिंग आणि संडास त्यानंतर. फरशी आणि रंग सगळ्यांत शेवटी. लग्नाच्या तोंडावर रंग आधी होतो आणि पैसे तिथेच संपतात, हे आपण घरोघर पाहतो. गवंड्याशी बोली कागदावर करा, मापाने दर ठरवा, आणि काम पुढे सरकेल तसे पैसे द्या. सगळी रक्कम उचल म्हणून देऊ नका. बांधकामाची परवानगी ग्रामपंचायतीकडून घ्या आणि काम झाल्यावर नमुना आठला नोंद करून घ्या. उद्या नुकसानभरपाईची वेळ आली तर घर कोणाचे आणि कसे होते, हे तोच कागद सांगतो.

आता दोन शब्द सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे गावाच्या तोंडी अजून ग्रामसेवकांना. धोकादायक घरांची यादी पडझड झाल्यावर पंचनाम्यासाठी होते. ती मे महिन्यातच का होऊ नये? पंचायत समितीच्या अभियंत्याला एक दिवस गावात बोलवा, चार गवंडी आणि दोन सुतार बरोबर घ्या, आणि गावठाणात घर-घर फिरून ओळंबा लावा. ज्या भिंतीला पोट सुटले आहे त्या घरमालकाला लेखी कळवा. एकटी म्हातारी किंवा विधवा बाई अशा घरात राहत असेल, तर पावसाळ्यापुरती तिची सोय शाळेत वा समाजमंदिरात करा. याला वेगळा निधी लागत नाही, मनावर घ्यावे लागते.

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, घर एकदम पक्के करण्याइतका पैसा दर सुगीला कोणाच्याच हाती येत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून एका वर्षी माती उतरवा, दुसऱ्या वर्षी खांबांना तिरपे लाकूड द्या, तिसऱ्या वर्षी पट्टा बांधा. तीन सुग्यांत घर निम्म्याहून अधिक सुरक्षित होते. मृगाला अजून अवधी आहे. यंदाची पहिली पाटी माळवदावर चढवायची नाही, उतरवायची, एवढे तरी ठरवा.